मोगऱ्याचा ताण

आमच्या अंगणातला मोगरा तीन वर्षे फुलला नाही, ही गोष्ट जगाच्या दृष्टीने अगदीच क्षुल्लक आहे. आमच्या घरात मात्र तिने मोठाच पेच उभा केला होता. हे रोप माझ्या आईच्या माहेरचे. कोकणातले ते घर विकले गेले, तेव्हा आईने तेथून ना भांडे मागितले, ना देव्हारा. अंगणातल्या मोगऱ्याची मुळे फुटलेली एक फांदी तेवढी तिने मागून घेतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून फोंडा घाटाने राधानगरीस आणली. आता तिची दृष्टी फार अधू झाली आहे. "फूल दिसलं नाही तरी वास तर येईल ना," असे ती म्हणे.

तो वास यावा म्हणून आम्ही काय केले नाही! शेणखत झाले, पेंडीचे पाणी झाले. रोज तिन्हीसांजेला आई भिंतीचा आधार घेत अंगणात जाई आणि तांब्याभर पाणी रोपाच्या बुंध्याशी ओती. झाड नुसते माजले. पाने अशी काळीभोर की पाहणाऱ्याने दृष्ट काढावी. परंतु कळीचा पत्ता नाही.

अखेर शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी झाड दाखवले. त्याने पाने चाचपली, बुंध्याची ओली माती बोटांनी उकरली आणि तो हसला. "मास्तर, लई लाड करतायसा. पोट भरल्यालं झाड फुलतंय कशाला? थंडीत पाणी तोडा त्येचं."

या बोलण्यात पुष्कळ तथ्य आहे, हे मला पुढे कळले. खत आणि पाणी यांची चंगळ झाली की मोगरा पानांतच रमतो. म्हणून कार्तिक सरला की त्याचे पाणी हळूहळू कमी करून पुढे बंद करायचे. यालाच ताण देणे म्हणतात. पाने गळू लागली तरी मन घट्ट ठेवायचे. जानेवारीच्या अखेरीस निम्मे झाड छाटायचे, बुंध्याची माती हलवून तिला चार दिवस ऊन दाखवायचे, आणि मगच शेणखत घालून भरपूर पाणी द्यायचे. कळ्या येतात त्या नव्या फुटीच्या शेंड्यांवर. जुने लाकूड राखून ठेवणाऱ्याच्या पदरी फूल पडत नाही. झाडाला दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊनही हवे. आमच्या फणसाची एक फांदी त्यापायी गेली.

थंड देशांतल्या पिओनी नावाच्या फुलाचीही अशीच कथा आहे. कडक हिवाळा सोसल्यावाचून ते नीट फुलत नाही. आणि त्याचे डोळे मायेने जमिनीत दोन-चार बोटे अधिक खोल गाडले, तर पाने येतात, फूल रुसते. म्हणजे हा नियम काही एकट्या मोगऱ्याचा नव्हे.

खरे पाहता, पाणी अडवण्याचे महत्त्व राधानगरीच्या माणसाला कोणी शिकवायला नको. शाहू महाराजांनी आपल्या कन्येच्या नावाने हे गाव वसवले आणि १९०९ च्या सुमारास भोगावतीवर धरण बांधावयास घेतले. ते १९५४ साली पुरे झाले. चार महिने कोसळणारे पाणी वाहू न देता अडवले, म्हणून उन्हाळ्यात खालची शेते हिरवी राहतात. हे सारे मी वर्गात मुलांना सांगत असे; पण आईच्या हातचा तांब्या अडवण्याचे धैर्य काही केल्या होईना.

अखेर एके संध्याकाळी मी ते सांगितले. आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "माहेरचं एवढं एकच रोप उरलंय, अन् तेही उपाशी ठेवायचं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तुला दहाव्या वर्षी कोल्हापूरच्या बोर्डिंगात ठेवलं, तेव्हा सहा महिने मी भेटायला आले नाही. आले असते तर तू पदर धरून माघारी आला असतास. रोज यष्टीच्या वेळेला दारात उभी राहायची मी." तिने तांब्या कोनाड्यात पालथा घातला.

त्या सहा महिन्यांचा रुसवा मी चाळीस वर्षे मनात बाळगला होता. आपण एकटेच तहानेलेले होतो, अशी माझी समजूत होती. पाणी तोडणाराचाही घसा कोरडा पडत असेल, हे कधी मनात आले नाही. अर्थात, प्रत्येक उपासातून फूलच येते असे नाही. योग्य वेळी पाणी न मिळालेली रोपे वाळूनही जातात. ताण द्यायचा तो झाड ओळखणाऱ्यानेच, आणि तो संपवण्याचा दिवस ध्यानात ठेवून.

मोगऱ्याची पाने गळाली. त्या दोन महिन्यांत आई अंगणाकडे फिरकली नाही.

चैत्रातल्या एका संध्याकाळी मी ओसरीवर वाचीत बसलो होतो. आई आतून भिंत धरून बाहेर आली आणि थबकली. मी मान वर करून झाडाकडे पाहिले, तेव्हा कुठे मला ती दोन पांढरी फुले दिसली. तिला ती माझ्याआधीच कळली होती.

"अरे," ती हळूच म्हणाली, "आता घालू ना पाणी?"