जरा सरकून घ्या

मराठीत 'सरकणे' या क्रियापदाला फारशी प्रतिष्ठा नाही. साप सरकतो, पायाखालची वाळू सरकते, मुदतीची तारीख पुढे सरकते. हे क्रियापद मायेने उच्चारले जाते ते बहुधा एकाच ठिकाणी, गाडीच्या बाकावर. 'जरा सरकून घ्या' असे कोणी म्हणाले, की तिघांच्या बाकावर चौथा बसतो आणि चौथ्याच्या मांडीवर एखादे पोर. आमच्या उज्जैनच्या फलाटावर हीच विनंती 'भिया, थोड़ा सरक लो' अशी कानी येते. भाषा बदलली तरी त्यामागची श्रद्धा तीच असते. माणसांनी मनावर घेतले तर जागा वाढते, अशी ती श्रद्धा.

आमच्यासारखी मराठी घराणी शिंदेशाहीच्या काळात माळव्यात आली आणि इथलीच झाली. तरी लग्ने, मुंजी आणि दुखणीबाणी यांच्या निमित्ताने पुण्या-मुंबईकडची वाट कधी मोडली नाही. त्यामुळे सहकुटुंब प्रवास हा आमच्या संसाराचा एक नित्याचा अध्याय होऊन बसला आणि त्या अध्यायातील सर्वांत कठीण ओळ एकच होती: सगळ्यांना जवळजवळ जागा मिळतील का?

आरक्षण नसलेल्या डब्यात या प्रश्नाचे उत्तर रुमाल देत असे. गाडी फलाटाला लागता लागता खिडकीच्या गजांतून रुमाल, टोपी, वर्तमानपत्राची घडी, क्वचित पायातली चप्पलही आत पडे आणि त्या क्षणापासून ती जागा त्या वस्तूच्या मालकाची होई. कोणत्याही नियमपुस्तकात नसलेला हा कायदा बहुसंख्य लोक निमूट पाळत, हे आम्हांला नेहमीच आश्चर्याचे वाटत आले आहे. मात्र या कायद्यालाही पोटकलमे होती. एका रुमालाने एक जागा धरावी, फार तर दोन. सबंध बाकावर सतरंजी अंथरून पुढच्या स्थानकावरून चढणाऱ्या व्याह्यांसाठी ती राखू पाहणाऱ्याला डब्यातले लोकमत क्षमा करीत नसे. आपली माणसे जवळ असावीत ही इच्छा सर्वांनाच समजते. परंतु त्या इच्छेपायी दुसऱ्याने किती वेळ उभे राहायचे, याची एक अदृश्य मर्यादा असते आणि ती कोणी न शिकवता सर्वांना ठाऊक असते.

ताटातुटीची धास्ती काय असते, हे उज्जैनकरांना सिंहस्थात दर बारा वर्षांनी नव्याने कळते. २००४ च्या आणि २०१६ च्या सिंहस्थात रामघाटाकडे जाणाऱ्या खेडुतांचे जथे आम्ही पाहिले. एकीच्या पदराला दुसरीच्या पदराची गाठ, म्हाताऱ्याच्या उपरण्याचे टोक नातवाच्या मुठीत, आणि पुढे एक जण काठीला रंगीत फडके बांधून चाललेला. ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्यांची नावे अखंड पुकारली जात. त्यांत मुले असत, पण वृद्ध स्त्रियाही फार असत. त्यांतल्या कित्येकींना आपल्या गावाचे नाव सांगता येई, जिल्ह्याचे येत नसे. 'घरचे कुठे आहेत?' या प्रश्नाला त्या फक्त गर्दीकडे हात दाखवीत. पदराची ती गाठ आम्हांला तेव्हापासून शहाणपणाची खूण वाटते.

विमानात पदराला गाठ मारता येत नाही. तेथे प्रत्येकाला आपापला पट्टा असतो. तरीही काही विमानांत रुमालाचे राज्य बरीच वर्षे नांदले. अमेरिकेतील साउथवेस्ट ही कंपनी १९७१ मध्ये टेक्सासातील तीन शहरांदरम्यान उडू लागली. प्रवाशाला आसनक्रमांक न देण्याची तिची रीत अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. डॅलसला असलेली आमची पुतणी या पद्धतीचे वर्णन मोठ्या चवीने करी. उड्डाणाच्या बरोबर चोवीस तास आधी नाव नोंदवायचे, मग अ, ब, क अशा गटांत क्रमांक मिळायचा, आणि त्या क्रमाने आत शिरून मोकळी दिसेल ती जागा धरायची. सहा वर्षांपर्यंतचे मूल बरोबर असलेल्या कुटुंबांना पहिल्या गटानंतर आणि दुसऱ्याच्या आधी सोडीत. मागून येणाऱ्या नवऱ्यासाठी शेजारच्या जागेवर पर्स ठेवणाऱ्या बायका तेथेही असत आणि त्यांच्याकडे डोळे वटारणारे सहप्रवासीही. 'काका, अगदी आपला जनरल डबा, फक्त समोसेवाला नाही,' असे ती म्हणे. आपल्याकडेही २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांबरोबर हीच मोकळी आसनव्यवस्था आणली होती. बसमधून उतरून विमानाच्या शिडीकडे भरभर चालत निघालेले सुटाबुटातले गृहस्थ त्या काळात पुष्कळांनी पाहिले असतील.

हे युग आता सरले आहे. एअर डेक्कन किंगफिशरमध्ये विलीन होऊन बरीच वर्षे लोटली, आणि साउथवेस्टनेही २७ जानेवारी २०२६ पासून क्रमांकित आसने देण्यास सुरुवात केली. धावपळ संपली हे चांगलेच झाले. परंतु जी गोष्ट पूर्वी पायांच्या चपळाईने वा शेजाऱ्याच्या सौजन्याने मिळे, ती आता किमतीने मिळते. खिडकीची किंमत निराळी, पुढच्या रांगेची निराळी. एकत्र बसण्याचे म्हणून वेगळे मूल्य दरपत्रकात दिसत नाही, पण शेजारशेजारच्या दोन जागा निवडताना ते आपोआप भरले जाते. लहान मुलांच्या बाबतीत तरी हे चालू नये, म्हणून भारताच्या नागरी विमान महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना निर्देश दिले. एकाच तिकीटक्रमांकावर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी वा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यावी, असे त्यात म्हटले होते. त्या निर्देशाचा विषय मुले हा होता. उतारवयात पुन्हा मूल झालेल्यांचा विचार करायला अशा पत्रकांना सहसा उशीर होतो.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, आणि ती मांडण्याचा अधिकार आमच्या मावशीचा. मावशी उज्जैनच्याच एका कन्याशाळेत शिकवीत. त्यांनी लग्न केले नाही. दर उन्हाळ्यात एकट्या पुण्याला जात. महिनाभर आधी रांगेत उभ्या राहून त्या खालचा बर्थ मिळवीत, आणि गाडीत पाऊल ठेवताच एखादे कुटुंब हसतमुखाने पुढे येई: 'आप तो अकेली हैं, आपको क्या फ़र्क पड़ेगा?' मावशी वर्षानुवर्षे उठत राहिल्या. वरच्या बर्थवर, बाजूच्या बर्थवर, कधी शेजारच्या डब्यात. पन्नाशी उलटल्यावर एका उन्हाळ्यात त्यांनी शांतपणे सांगितले, 'फ़र्क पड़ता है.' त्या कुटुंबाने रतलामपर्यंत त्यांच्याशी शब्द बोलला नाही. घरी येऊन हे सांगताना मावशी म्हणाल्या, 'एकट्या माणसाचं सामान कमी असतं, म्हणून त्याचा हक्कही कमी असतो का रे? मागायचंच असेल तर हातात काहीतरी घेऊन मागावं.'

त्यांचे हे वाक्य आमच्या घरात नियमासारखे रुजले. मधली जागा देऊन खिडकी मागायची नाही. खिडकी देऊन मधली मागायची. आपली जागा समोरच्याच्या जागेइतकी चांगली नसेल, तर विनंती गिळून बसायचे.

या नियमाची खरी परीक्षा आईच्या आजारपणात झाली. वडील गेल्यानंतर दोनेक वर्षांत आईची स्मृती उसवू लागली. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, पुढे काय काय होईल तेही सांगितले. रात्रीच्या अवंतिका एक्स्प्रेसने तिला मुंबईला न्यायचे तर एक चमत्कारिक पेच पडे. वृद्धांसाठी रेल्वेने खालचे बर्थ राखून ठेवले आहेत, पण त्या कोट्यातला बर्थ वृद्ध प्रवासी एकटा किंवा दुसऱ्या एका वृद्धाबरोबर असेल तरच मिळतो. तरुण माणसे त्याच तिकिटावर आली की संगणक ती सवलत विचारात घेत नाही. म्हणजे आईला खालचा बर्थ हवा असेल तर तिने कागदोपत्री एकटीने प्रवास करायचा. आणि तिला एकटे सोडता येत नाही, म्हणूनच तर खालचा बर्थ हवा होता! नियम करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसतो. फक्त, एकटेपण आणि सोबत या दोन गोष्टी वेगवेगळ्या खिडक्यांवर मिळतात.

एकदा तपासणीसाठी तिला तातडीने मुंबईला न्यायचे ठरले, तेव्हा आम्ही इंदूरहून विमान घेतले. तिकिटे ऐनवेळची, शेजारशेजारच्या जागा शिल्लक नव्हत्या. आईला मधले आसन मिळाले. आम्ही जादा पैसे भरून तिच्या सहा रांगा पुढे वाटेकडची एक चांगली जागा घेतली. बसायचे होते आईजवळच, पण मावशींच्या शिकवणीप्रमाणे हातात काहीतरी असावे म्हणून. आईच्या शेजारी वाटेकडच्या जागेवर पन्नाशीच्या एक बाई होत्या, एकट्याच. आम्ही त्यांना आईची अवस्था हलक्या आवाजात सांगितली आणि आमची पुढची जागा देऊ केली. त्यांनी नीट ऐकून घेतले, आणि नकार दिला. कारण सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. फक्त म्हणाल्या, 'आप बैठिए, माताजी को मैं देख लूँगी.'

सव्वा तासाचा तो प्रवास आम्ही मान वळवून केला. आईचा पांढरा अंबाडा आणि त्या बाईंचा खांदा एवढेच दिसत होते. प्रत्येक क्षणी वाटे, आता ती उठेल, 'हे कुठे गेले?' म्हणून वडिलांना हाका मारील, सगळे विमान वळून पाहील. असे काही झाले नाही. खाली उतरल्यावर त्या बाईंनी आईचा हात आमच्या हाती दिला आणि म्हणाल्या, 'पूरे रास्ते क्षिप्रा की बाढ़ की कहानी सुनाती रहीं.' कोणत्या वर्षीचा पूर, ते त्यांना कळले नव्हते. आम्हांला कळले. आई लग्न होऊन उज्जैनला आली त्या सुमाराची ती हकिकत होती. तीस वेळा ऐकलेली, आणि गेली कित्येक वर्षे आम्ही अर्ध्यावरच 'हो ग, माहीत आहे' म्हणून तोडत आलेली. परक्या बाईंना ती माहीत नव्हती, म्हणून आईला ती शेवटापर्यंत सांगता आली.

आनंद व्हावा की वाईट वाटावे, हे आम्हांला त्या दिवशी ठरवता आले नाही. सबंध प्रवासात आईने आमच्याबद्दल एकदाही विचारले नव्हते. शेजारी बसण्याची निकड तिला अधिक होती की आम्हांला, हा प्रश्न तेव्हा प्रथम पडला. पुढील दोन वर्षांत आई घरातही आमच्यापासून थोडी थोडी दूर बसू लागली. एकाच दिवाणावर, एकाच ताटात, आणि तरीही कितीतरी रांगा पलीकडे. ते अंतर कोणत्याही अदलाबदलीने कमी होण्यासारखे नव्हते. आम्ही एक मात्र करू लागलो. पुराची ती गोष्ट तिने सुरू केली, की माहीत नसल्यासारखी शेवटपर्यंत ऐकायची.

मावशी आणि आई, दोघीही आता नाहीत. आसनांची वाटणी संगणक करतो आणि ती बहुतांशी न्याय्यच असते. तरी प्रवासात कोणी लेकुरवाळी बाई अवघडून जवळ येते, कोणी म्हातारा हातातले तिकीट पुढे करून काही विचारू पाहतो, तेव्हा आम्हांला दोघींचेही आठवते. उठावे की न उठावे, हा ज्याच्या त्याच्या जागेचा प्रश्न आहे. 'नाही' म्हणण्याचा हक्क मावशींनी मोठ्या कष्टाने मिळवला होता आणि तो आम्हांला मान्य आहे. पण त्या बाईंनी उठायला नकार देऊनही आईसाठी जेवढी जागा केली, तेवढी आम्ही तिला घरात तरी नेहमी देऊ शकलो होतो का, याचा हिशेब अद्याप लागलेला नाही. बाकावर सरकणे त्या मानाने सोपे असते.