पर्वतीवरून दिवाळीची आतषबाजी

पुणें शहराच्या दारूकामाचें दर्शन घ्यावयाचें तर तें पर्वतीवरूनच घ्यावें, असें आमचें मत आहे. खालीं पेठांतून तें पाहावयाचें म्हणजे मान वर, हात कानांवर, आणि शेजारच्या चिरंजीवांनीं बाटलींत उभा केलेला बाण कोणाच्या गच्चीकडे वळेल याची धास्ती मनांत! शंभरावर पायऱ्या चढून वर गेलें म्हणजे हा सर्व प्रकार पायांखालीं राहतो. बहुतेक बाण आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन फुटतात आणि त्यांचा आवाज मागाहून सावकाश येतो. झगमगाट व आवाज यांमधील सेकंद मोजावे. तीन सेकंदांस सुमारें एक किलोमीटर अंतर धरावें. मुलांस ध्वनीचा वेग शिकविण्याचें इतकें सोपें साधन आम्हांस पस्तीस वर्षांच्या मास्तरकींत दुसरें सांपडलें नाहीं.

पर्वतीवरील देवदेवेश्वराचें मंदिर नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं बांधिलें. याच टेंकडीवरून ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें खडकीची लढाई पाहिली. परंतु दारूचा याहून सुखाचा उपयोगही या स्थळास ठाऊक आहे. पेशव्यांच्या बखरींत अशी कथा आहे कीं, महादजी शिंदे यांनीं सवाई माधवरावांस कोट्याच्या दिवाळीचें वर्णन ऐकविलें. तेथें दारूची लंका रचून मारुतीकडून ती पेटवीत. तरुण पेशव्यांस तें कौतुक पाहण्याची उत्कंठा झाली आणि तशीच लंका पर्वतीच्या पायथ्याशीं उभी राहिली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे विद्वान् क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तिकेंत ही कथा दिली आहे. शिवाय गजपति प्रतापरुद्रदेवाच्या कौतुकचिंतामणि या संस्कृत ग्रंथांतील दारूकामाच्या कृतींचा परामर्शही घेतला आहे. संस्कृत म्हणजे केवळ स्तोत्रें व सुभाषितें असें समजणाऱ्यांनीं ती पुस्तिका अवश्य पाहावी. मात्र त्या लंकेंत आजचे गडद रंग नसावेत. पोटॅशियम क्लोरेट दारूकामांत आलें तें एकोणिसाव्या शतकांत. त्यानंतरच स्ट्रॉन्शियमचा लालभडक, बेरियमचा हिरवा आणि तांब्याचा निळा हे रंग असे खुलूं लागले.

आतां छायाचित्रांची हौस आम्हांस उतारवयांत कां लागली, तें सांगतों. आमच्या थोरल्या वहिनी सून म्हणून या घरांत आल्या तेव्हांपासून लक्ष्मीपूजन आटोपलें कीं पर्वतीवर जाण्याचा त्यांचा परिपाठ होता. गेलीं कांहीं वर्षें दम्यानें त्यांस जखडून टाकिलें आहे. दिवाळीच्या रात्रीं खिडक्या लावून, फटींत ओलीं फडकीं कोंबून त्या आंतल्या खोलींत बसतात. एके वर्षीं त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही वर्णन फार चांगलें करतां, पण मला तें दिसत नाहीं.” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आमचें साहित्य अगदीं बेताचें. जुन्या बाजारांतून घेतलेला डिजिटल कॅमेरा, त्याच्याबरोबर मिळणारें साधें १८ ते ५५ मिलिमीटरचें भिंग, आणि झुळकेसरशी थरथरणारी स्वस्त तिपाई. तिपाईचा मधला दांडा उंच न करतां त्यास जोंधळ्याची पिशवी टांगली कीं ती महागड्या तिपाईसारखी उभी राहते. दुरून कळ दाबण्याचें यंत्र आम्हीं घेतलें नाहीं. कॅमेऱ्यांतच दोन सेकंद थांबून उघडण्याची सोय असते, ती पुरे. कॅमेरा तीस सेकंद उघडा ठेवावा आणि भिंगापुढें, त्यास स्पर्श न करितां, काळ्या रंगानें रंगविलेला वहीचा पुठ्ठा धरावा. बाण सुटला कीं पुठ्ठा दूर करावा, फूल उमलून विझलें कीं पुन्हां आड धरावा. अशा रीतीनें एकाच चित्रांत दोन-तीन फुलें वेंचतां येतात.

येथें एक मर्म ध्यानांत ठेवावें. ठिणगी धांवती असल्यानें तिच्या रेषेचा उजळपणा भिंगाच्या छिद्रावर आणि आयएसओवर ठरतो. कॅमेरा किती वेळ उघडा आहे यावर नव्हे. वेळेनें उजळतात ते शहराचे स्थिर दिवे. म्हणून आयएसओ १०० व छिद्र एफ ८ ते एफ ११ ठेवावें. फुलें पांढरीं फटफटीत आलीं तर छिद्र लहान करावें, आणि पेठा अंधारांत बुडाल्या तर वेळ वाढवावा. फोकस दूरच्या एखाद्या दिव्यावर हातानें जुळवून स्वयंचलित फोकस बंद करावा, नाहीं तर ऐन वेळीं भिंग अंधारांत चांचपडत राहतें. दीर्घ प्रकाशनांतील दाणे काढण्याची सोयही बंद असावी. ती प्रत्येक चित्रामागें कॅमेरा तितकाच वेळ अडवून ठेवते. या सर्वांचा सराव अंगणांत फुलबाजी फिरवून करावा. आमच्या नातवंडांनीं तिनें हवेंत श्रीकार काढले, ते चित्रांत आल्यावर घरांत मोठा जल्लोष झाला.

फुलबाजी फिरवितांना आम्हांस गौडपादाचार्यांचें स्मरण झालें. मांडूक्यकारिकेच्या अलातशांति प्रकरणांत फिरत्या कोलिताचा दृष्टांत आहे: वर्तुळ दिसतें, परंतु वर्तुळ म्हणून कांहीं नसतें; असतो तो एक जळता बिंदु. आमच्या कॅमेऱ्यानें नेमकें तेंच नसलेलें वर्तुळ कागदावर पक्कें केलें. वहिनींनीं पहिलें चित्र पाहून विचारलें, “असें फूल मीं तर कधीं पाहिलें नव्हतें, हें खरें का?” प्रश्न मार्मिक होता. डोळ्यास एका क्षणीं फुलाचा एकच भाग दिसतो. चित्रांत त्याचें सारें आयुष्य एकदम येतें. दोन्ही खरींच, एवढें आम्हीं सांगितलें. पुढचा वाद वेदांत्यांकडे सोंपविला.

सर्वोच्च न्यायालयानें २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशांत दिवाळीस रात्रीं आठ ते दहा ही वेळ ठरविली आणि बेरियमच्या क्षारांस मनाई केली. नागपूरच्या नीरी संस्थेनें त्यानंतर पुढें आणलेल्या फटाक्यांस हिरवे म्हणतात तें कमी धुरामुळें, रंगामुळें नव्हे. वेळेचें बंधन पेठांतून कितपत पाळिलें जातें तें ज्याचें त्यास माहीत. आमच्या अनुभवास आलें तें असें कीं, चांगलीं चित्रें पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतच मिळतात. तोंवर आकाश काळेंभोर असतें. अमावास्या, त्यामुळें चंद्राचाही व्यत्यय नाहीं. नंतर वारा पडलेला असेल तर धूर बसूं लागतो, आणि बाणाच्या रेषा त्यांत मळकट दिसूं लागतात.

आम्हीं तीं चित्रें वेळेच्या क्रमानें वहिनींपुढें मांडलीं. आठ वाजून पांच मिनिटांचें, साडेआठांचें, नऊचें. शेवटच्यांत सारसबागेकडील दिवेही पिवळ्या कापसांत बुडाल्यासारखे दिसत होते. वहिनी त्यावर बराच वेळ थांबल्या. “नऊ का? बरोबर. त्याच सुमारास मला उठून बसावें लागलें होतें,” त्या म्हणाल्या. शेजारीं बसलेल्या नातवानें तें चित्र हातांत घेतलें, उलट करून मागें पाहिलें आणि परत ठेविलें. यंदा फटाक्यांची यादी करतांना त्यानें लडी आणि मोठे बाण स्वतःहून खोडले. फुलबाज्या व भुईनळे ठेविले. त्यास कोणीं कांहीं म्हटलें नव्हतें.

वर जाणारांनीं कॅमेऱ्याचा दुसरा सेल बरोबर घ्यावा, मंदिर केव्हां बंद होतें आणि आवारांत तिपाई लावूं देतात कीं नाहीं याची दिवसा चौकशी करावी, आणि उतरतांना विजेरी हातांत असूं द्यावी. दगडी पायऱ्या झिजलेल्या आहेत. घरीं आल्यावर भिंग चोळूं नये. दारूची बारीक राख कांचेवर बसलेली असते, ती आधीं फुंकणीनें उडवावी व मग मऊ फडक्यानें पुसावी.