आजीच्या फोनवरचा सूर्यास्त

सांगलीच्या एका श्रावक कुटुंबातील मुलगी पुण्यात नोकरी करते. आजीचा रात्रिभोजनत्यागाचा नियम लक्षात घेऊन तिने आयफोनसाठी तिथी व सूर्यास्ताची वेळ दाखवणारे एक छोटे ॲप तयार केले. ॲपलने २०११ साली आणलेल्या ‘स्टोरीबोर्ड’ पद्धतीत पडदा डोळ्यांसमोर मांडता येतो. अक्षरांची चौकट उचलायची आणि हवी तेथे ठेवायची. काम एका रात्रीत झाले. आपला जुना फोन ॲपसह तिने आजीला दिला.

श्रावण सरतानाच्या एका ढगाळ संध्याकाळी आजीने पडदा पाहिला. ‘सूर्यास्त : सायंकाळी ६…’ एवढेच दिसले. दृष्टी मंदावल्याने आजीने फोनची अक्षरे मोठी करून घेतली होती. ती चौकटीत न मावल्याने मिनिटे गळून पडली होती. वेळ टळली असावी, या शंकेने आजीने वाढलेले ताट तसेच झाकून ठेवले. तक्रार केली नाही. नातीला हे दुसऱ्या दिवशी आईकडून कळले.

कारण शोधायला वेळ लागला नाही. चौकटीची रुंदी तिने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डोळ्यांना पटेल तशी ठरवली होती. दोष साधनाचा नव्हता. योग्य नियम तेथेही घालता आले असते. परंतु चित्र सुंदर दिसले की नियमाची आठवण राहत नाही. तिने तोच पडदा केवळ कोड लिहून उभारण्याचे ठरवले.

प्रारंभी पडदा कोराच राहिला. कोडमध्ये सांगितल्याविना काहीच घडत नाही. आधी चौकट निर्माण करावी, मग ती पडद्याला जोडावी आणि त्यानंतरच तिचे कडांशी असलेले नाते लिहावे. हा क्रम चुकला तर ॲप बंद पडते. चौकटीची जागा आपोआप ठरवणारी जुनी व्यवस्था थांबवण्याची एक ओळ विसरली, तर नवे नियम जुन्यांशी भांडतात. अनेक रात्रींनंतर तिने लिहिले : रुंदी निश्चित नाही; डावी कड येथून, उजवी कड तेथपर्यंत; अक्षरांचा आकार वाचणाऱ्याच्या पसंतीचा; ओळींच्या संख्येला मर्यादा नाही.

आता आजीच्या फोनवर वेळ दोन ओळींत, पण संपूर्ण दिसते.

क्षमावाणीच्या दिवशी नातीने त्या उपाशी रात्रीचा उल्लेख करून हात जोडले. आजी हसून म्हणाली, “अगं, माझा उपवास झाला, तुझा अभ्यास झाला.”