झाकण लागल्यापासून

सकाळी साडेदहाला आमच्या वाकडच्या किचनमध्ये ओट्यावर धुतलेलं सुती पातळ अंथरलेलं असतं. तव्यावरून उतरलेली पोळी थेट डब्यात जात नाही. स्वयंपाकाच्या मावशी ती पातळावर पसरतात, शेजारच्या पोळीला टेकू न देता. दोन-तीन मिनिटांत तिची वाफ निघून जाते. मग तुपाचं बोट फिरतं, घडी पडते आणि चार पोळ्या बटर पेपरात गुंडाळल्या जातात.

याच दोन-तीन मिनिटांवरून मी सुरुवातीला मावशींशी वाद घातला होता. डबे खोळंबलेत, मुलं गाड्या चालू करून खाली उभी आहेत आणि तुम्ही पोळ्या काय वाळत घालताय? त्या काही बोलल्या नाहीत. एक पोळी गरम गरम डब्यात टाकली, झाकण लावलं आणि अर्ध्या तासाने मलाच उघडायला सांगितलं. झाकणाला आतून थेंब लोंबत होते आणि पोळी बोटांना चिकटत होती. "पोळीला घाम सुटतो बाळा," एवढंच म्हणाल्या.

२०१८ मध्ये हिंजवडीतली नोकरी सोडून मी डबे पोचवण्याचा हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा मला वाटायचं की आपलं काम म्हणजे अ‍ॅप. ऑर्डर कशी घ्यायची, रस्ता कसा आखायचा, कोण कुठे पोचलंय ते नकाशावर कसं दिसेल, यात वर्ष गेलं. ते सगळं लागतंच. पण माणूस जेवायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर अ‍ॅप नसतं, डबा असतो.

झाकण लागल्यापासून ते उघडेपर्यंत डब्यात स्वयंपाक चालूच असतो. पिठलं वाटेत घट्ट होतं, म्हणून ते कढईतून उतरवताना पळीवरून धार पडेल इतकं पातळ ठेवायचं. काकडीला मीठ लागलं की पाणी सुटतं, म्हणून कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालून पाठवायचं आणि मिठाची पुडी वेगळी द्यायची. भजी पाठवायचीच नाहीत. कितीही मागणी असली तरी. भरली वांगी मात्र तासाभराने जास्त चांगली लागतात, मसाला आत उतरतो. या सगळ्यात एक पेच होता. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहिलं पाहिजे, हा अन्नसुरक्षेचा नियम. म्हणजे भाजी-आमटी धगधगती हवी आणि तिच्याच शेजारी पोळी कोरडी हवी. आम्ही पोळ्यांसाठी पिशवीत वेगळा कप्पा शिवून घेतला, तेव्हा कुठे तो पेच सुटला.

त्या सुमारास मी एक दिवस मुद्दाम मुंबईला जाऊन चर्चगेट स्टेशनबाहेर उभा राहिलो. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेलं डबेवाल्यांचं काम बघायला. बहुतेक मंडळी आमच्याच पुणे जिल्ह्यातल्या मावळ, खेड, जुन्नर भागातली. झाकणांवर रंगाने लिहिलेली अक्षरं आणि आकडे: उतरायचं स्टेशन, इमारत, मजला. ती खूण सगळे बघतात, तिच्यावर लिहिलंही खूप गेलंय. माझ्या मनात राहिलं ते दुसरंच. घरची बाई सकाळी डबा भरते, तो दुपारी एकच्या आसपास उघडतो, आणि मधले ते तास तिने भाजी निवडतानाच धरलेले असतात. डबेवाला वेळ पाळतो, पण त्याच्या पायांवर सगळा भार नसतो.

माझ्या धंद्यात तो सगळा भार मी पायांवर टाकला होता. चाळीस मिनिटांत डबा, असं आमचं वचन होतं आणि पोरांच्या मोबाईलवर उलटं घड्याळ चालायचं. २०१९ च्या जुलैत, पावसात, एक मुलगा वळणावर घसरला. बीडहून आलेला, एकोणीस वर्षांचा. त्याचा फोन आला आणि पहिलं वाक्य होतं, "दादा, आमटी सांडली." गुडघ्याला पाच टाके पडलेत, हे मला दवाखान्यात पोचल्यावर कळलं. ते वाक्य अजून कानात आहे. आमटीची काळजी त्याच्या मनात मी भरली होती.

त्या आठवड्यात मी ते घड्याळ अ‍ॅपमधून काढून टाकलं. दीड तास जो पदार्थ डब्यात टिकत नाही, तो यादीतून गेला. स्वयंपाक पाऊण तास आधी सुरू झाला. काही गिऱ्हाइकं सोडून गेली, तो तोटा मी सोसला आणि परत वेळ आली तरी सोसेन. उशीर व्हायचाच असेल तर त्याची तजवीज ओट्यावर झाली पाहिजे, गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, असं माझं ठाम मत आहे. मार्च २०२० मध्ये ऑफिसं बंद झाली आणि डबे एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊ लागले, तेव्हाही याच पद्धतीने आम्ही तग धरला.

परवा साडेबाराला पावसाने झोडपलं. टाके पडलेला तोच मुलगा आता आमच्या सगळ्या फेऱ्या लावतो; त्या दिवशी माणूस कमी होता म्हणून स्वतः निघाला होता. भूमकर चौकातून त्याचा फोन आला. "दादा, इथं सगळं तुंबलंय. अर्धा तास तरी हलत नाही."

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी सकाळीच आभाळ बघितलं होतं.

"सावकाश ये," मी म्हटलं. "आज पिठलं पातळ भरलंय."