दोघांचा संसार, एकाचा कागद

१/ १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा पांडुरंग सदाशिव खानखोजे मेक्सिकोत होते. जन्म वर्ध्याचा, शिक्षण नागपूरचे. गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक आणि पुढे कृषिशास्त्रज्ञ. मायदेशी परतण्यासाठी त्यांनी व्हिसा मागितला आणि तो प्रथम नाकारला गेला. ब्रिटिश राज्य संपले होते. त्या राज्याने घातलेली बंदी कागदावर शिल्लक होती.

२/ पुढे ती उठली. खानखोजे नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये निवर्तले. १९३६ साली त्यांनी बेल्जियमच्या जेन सिंदिक यांच्याशी विवाह केला होता. त्यांना दोन मुली होत्या. नकार एकाच्या नावावर येतो, अडतो तो सारा संसार. आज अमेरिकेत कायमच्या वास्तव्याची वाट पाहणारी नागपूरकर जोडपी हेच वेगळ्या रूपात अनुभवतात. त्यामागचा हा इतिहास.

३/ आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या, तेव्हा भारतीयांना तेथे जाण्यास व्हिसा लागत नसे. खानखोजे यांनीही १९१३ मध्ये वॉशिंग्टन स्टेट कॉलेजची पदवी घेतली. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग ‘प्रतिबंधित पट्टा’ ठरवला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र मानले. १९४६ मध्ये दार किलकिले झाले : वर्षाला अवघे १०० भारतीय.

४/ १९६५ च्या कायद्याने वंशमूळावर आधारलेला जुना कोटा मोडला. १९९० च्या कायद्याने ‘एच-१बी’ हा कामाचा व्हिसा आणला आणि नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे ठरवली. पती-पत्नी आणि मुले याच संख्येत मोजली जातात. एका देशाच्या वाट्याला साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक नाहीत. भारताला आणि लक्झेंबर्गला माप एकच!

५/ येथे देश म्हणजे जन्माचा देश; नागरिकत्वाचा नव्हे. जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभे राहता येते. परंतु एकाचा जन्म धरमपेठेतला आणि दुसरीचा इतवारीतला असेल, तर या सवलतीचा उपयोग शून्य.

६/ एच-१बीची मुदत सहा वर्षे. जोडीदाराला मिळतो ‘एच-४’ : राहता येते, शिकता येते, नोकरी करता येत नाही. मात्र एच-४ वर काढलेली वर्षे त्या सहांत धरली जात नाहीत. त्यातून जोडप्यांनी एक खो-खो शोधला. एकाची सहा वर्षे सरत आली, की दुसऱ्याने कंपनीमार्फत एच-१बी घ्यायचा आणि पहिल्याने एच-४ वर बसायचे. दोघांची मिळून बारा वर्षे. अर्थात, त्यासाठी वर्षाला ८५,००० जागांच्या सोडतीत नाव निघावे लागते.

७/ २००० च्या कायद्याने ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेल्यांना सहा वर्षांपुढे मुदतवाढ दिली. उठण्याची सक्ती संपली, परंतु बसलेला जोडीदार बसूनच राहिला. आणि बसणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया. नागपुरात मिळवलेली अभियांत्रिकीची पदवी कपाटात राहिली. २६ मे २०१५ पासून अशा एच-४ धारकांपैकी, ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डासाठीचा अर्ज पहिल्या टप्प्यात मंजूर झाला आहे, त्यांना कामाची परवानगी मिळू लागली.

८/ तरीही ती परवानगी जोडीदाराच्या नोकरीला टांगलेली. त्याची नोकरी सुटली, की साधारण ६० दिवसांत नवा मार्ग शोधायचा आणि तोही दोघांनी. म्हणून कित्येक जोडपी दोघांचाही एच-१बी राखतात आणि ग्रीन कार्डासाठी दोन स्वतंत्र अर्ज करतात. ज्याची पाळी आधी येईल, त्याच्या आधारे दुसऱ्यालाही कार्ड मिळते. नोकरी आवडते की नाही, हा प्रश्न मागे पडतो. कोणत्या नोकरीने कागद टिकतो, हा पुढे येतो.

९/ मुलांचा काळ मात्र थांबत नाही. २१ व्या वर्षी मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. २००२ च्या कायद्याने अर्ज तपासण्यात गेलेला काही काळ वयातून वजा होतो. रांगेत गेलेली वर्षे होत नाहीत. दोन वर्षांचे असताना नागपूरहून नेलेले बाळ तेथेच वाढते आणि एके दिवशी परक्या विद्यार्थ्यासारखा स्वतःचा व्हिसा मागू लागते.

१०/ खानखोजे यांच्या वाटेत एक जुनी यादी होती. ती कोणीतरी खोडली आणि ते घरी आले. या जोडप्यांच्या वाटेत १९९० मध्ये ठरलेला एक आकडा आहे, आणि तो खोडणे तेथील संसदेच्या हाती आहे. तोवर दर मुदतवाढीच्या वेळी जेवणाच्या टेबलावर तोच हिशेब मांडला जातो : या खेपेस कोणी उठायचे आणि कोणी बसायचे?