तंबाखूचा काटा

दसरा झाला की पुढच्या रविवारी आमच्या तालमीतली पोरं तंबाखूच्या वखारीत जाऊन वजन करून घेतात. तालमीत काटा नाही असं नाही. कुणीतरी देणगी दिलेला इलेक्ट्रॉनिक काटा कोपऱ्यात आहे, पण तो मनाला येईल तसं दोन किलो जास्त दाखवतो नाहीतर दोन किलो कमी. वखारीतला काटा तंबाखूचे बोद तोलायचा. त्याच्यावर व्यापाऱ्याचाही डोळा असतो आणि शेतकऱ्याचाही, म्हणून तो सहसा चुकत नाही. पोरं लंगोटावर एकामागून एक उभी राहतात, जर्द्याच्या खकाण्यानं शिंकतात, आणि मी वहीत आकडे लिहितो. शाळेत पी.टी.चा मास्तर होतो तेव्हापासूनची ही सवय. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, वही सुटलेली नाही.

निपाणी सोडून पुण्या-बंगळुरूला गेलेल्या मंडळींना ही बैठक आठवत असेल. दिवाळीनंतर जत्रा-उरसांचा हंगाम सुरू होतो तो थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत. माघात चिंचलीची मायाक्का, मधे गावोगावची मैदानं. त्याआधी तालमीच्या कट्ट्यावर वस्ताद आणि चारपाच जुनी माणसं बसतात. कुठलं पोरगं कुठल्या मैदानात, किती रुपयांवर लढवायचं, कुणाची कुस्ती नेमायची, कुणाला यंदा थांबवायचं, हे तिथं ठरतं. पोराची प्रत इनामावरून मोजायची आपली जुनी रीत. सुरुवात रेवड्यांची नाहीतर नारळाची कुस्ती, मग शंभराची, पाचशेची, मग पोस्टरवर नाव, आणि शेवटी तीन नंबर, दोन नंबर, एक नंबर.

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. त्यानं मागं सांगितलं की तिकडं बेसबॉलचे मोठे संघ फेब्रुवारीत फ्लोरिडा आणि ॲरिझोनाला सरावाला जातात, आणि त्याआधी खालच्या संघांमधल्या पोरांच्या याद्या निघतात. कोण वर येणार, कोण नाही. पारखी माणसं गावोगाव फिरून पोरांना २० ते ८० असे गुण देतात. फटका, ताकद, धाव, हात, झेल, प्रत्येकाचा गुण वेगळा. ५० म्हणजे वरच्या संघातला साधारण बरा खेळाडू. मी म्हटलं, मग ८० वाला वर जातोच का? तो हसला. म्हणाला, काका, यादीतली कितीतरी पोरं खालीच राहतात. तेवढ्यानं मला बरं वाटलं. चूक फक्त आमच्याच कट्ट्यावर होत नाही तर.

आमच्याकडं गुण देत नाहीत, बघतात. पोरगं आत आलं की वस्ताद आधी पावलं बघतात. पावलं मोठी आणि अंग लहान असेल तर पोरगं अजून वाढणार. मग मनगट, मग मान. मग विचारतात, मामा किती उंच आहे? पोरगं मामावर जातं हा त्यांचा सिद्धांत. तो किती खरा मला माहीत नाही, पण त्यांनी तो कधी सोडला नाही. मी बघतो ते वेगळं. जोर-बैठका झाल्यावर, लढत झाल्यावर, थकलेल्या पोरावर तिसरा ताजा गडी सोडायचा. तिथं दम कळतो. एकच डाव येणारं पोरगंही तिथंच उघडं पडतं. ढाकेवर दहा मैदानं मारलेला गडी, समोरच्याला ढाक माहीत आहे म्हटल्यावर काय करतो ते बघायचं.

एवढं बघूनही मी एकदा चुकलो. चुकलो म्हणण्यापेक्षा, दिसलेलं बोललो नाही.

बारा वर्षांपूर्वी आमच्या तालमीत एक पोरगं होतं. एकोणीस वर्षांचं, ९२ किलो. उभं राहिलं की हौदा भरल्यासारखा वाटायचा. गावाला त्याच्यात खंचनाळे दिसत होते. आपल्या भागात हे होणारच. श्रीपती खंचनाळे एकसंब्याचे, म्हणजे आपल्या चिकोडी तालुक्यातले. १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून ते देशाचे पहिले हिंदकेसरी झाले. एकसंबा कर्नाटकात, त्यांची तालीम कोल्हापुरात, आणि अभिमान दोन्हीकडं. तेव्हापासून सीमेवरच्या प्रत्येक गावाला वाटतं की आपलंही एक पोरगं असं निघावं. त्या पोराच्या बापानं मला विचारलं, मास्तर, पाठवू का कोल्हापूरला? मी हो म्हणालो. दुसऱ्या शंभर बैठकांनंतर त्याचा उजवा गुडघा आत वळतो, हे मी बघितलं होतं. वहीत लिहिलंही होतं. पण गाव खूश होतं, वस्ताद खूश होते, मग मी कशाला तोंड उघडू?

बापानं अर्धा एकर गहाण टाकलं. बदाम, तूप, दूध, फळं, मेसचा खर्च. पैलवान पोसणं म्हणजे घरात दुसरं घर चालवणं. पोरगं सहा वर्षं तिकडं राहिलं. तीन नंबरच्या वर गेलं नाही, आणि सातव्या वर्षी गुडघा गेला. आता तो दुधाचा टेम्पो चालवतो. कधी एका शब्दानं बोलला नाही मला. रस्त्यात भेटला की टेम्पो थांबवून रामराम करतो. ते जास्त लागतं.

दोन वर्षांपासून तोही आमच्या बैठकीला येऊन बसतो. मीच बोलावलं.

यंदा तालमीच्या फंडात एका पोराला तीन वर्षं खुराक देता येईल एवढे पैसे होते. पोरं दोन. एक माझ्या अक्काचा नातू. सतरा वर्षांचा, काट्यावर ८४ किलो. गेल्या हंगामात सात मैदानं मारलेली, फेटे बांधून काढलेले फोटो अक्काच्या माजघरात लावलेले. दुसरं पोरगं पंधरा वर्षांचं, ५१ किलो. बाप नाही. आई बिड्या वळते. हजार बिड्यांमागं मजुरी ठरलेली, त्यातून महिन्याला हाताशी काय उरतं ते निपाणीकरांना सांगायला नको. पोरगं अजून नारळाच्या नाहीतर शंभराच्या कुस्तीवर. पोस्टरवर नाव येण्याचा प्रश्नच नव्हता.

कट्ट्यावर सगळ्यांचा कल अक्काच्या नातवाकडं. जत्रेतलं माणूस वजनदार कुस्तीला पैसे टाकतं. एक नंबरची कुस्ती पन्नास किलोच्या पोरांची झाल्याचं मी तरी बघितलेलं नाही. आपला डोळाच तसा तयार झालेला आहे. मी म्हटलं, खाशाबा किती किलोचे होते? कुणाला आठवेना. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला सहावे आले, आणि १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक आणलं ते ५७ किलोच्या गटात. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकलं ही गोष्ट सगळ्यांना पाठ, वजन मात्र कुणाला ठाऊक नाही. रवी दहियाचं टोकियोचं रौप्य ५७ किलोतलं. २०२४ ला पॅरिसमध्ये अमन सेहरावतनं कांस्य घेतलं तेही ५७ किलोत. तांबड्या मातीत चितपट झाल्याशिवाय निकाल नाही, तिथं अंगाचं वजन उपयोगी पडतं. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण मोजून. तिथं समोरचा आपल्याच वजनाचा.

वस्ताद म्हणाले, "मास्तर, मॅटवरचं सांगू नगा. जत्रंत काय लावायचं त्ये बोला."

त्यांचंही बरोबर होतं. आणि इथं सीमेचा जुना घोळही आहेच. महाराष्ट्र केसरीला महाराष्ट्राच्या जिल्ह्याकडून उतरावं लागतं, आमच्या पोरांचं आधार कार्ड कर्नाटकातलं. इकडं म्हैसूरच्या दसऱ्याची कुस्ती मोठी, सरकारी क्रीडा वसतिगृहंही आहेत, पण तिथं मॅट, धावणं, वयाचा दाखला आणि कन्नडमधला अर्ज. कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर, तिथली भाषा आपली, माती आपली. मग पोरगं कोल्हापूरला सराव करतं आणि कागद बेळगावला भरतं. पारख करताना हाही एक गुण धरावा लागतो: पोराला दोन दारांत उभं राहता येतं का? मला विचाराल तर, ५७ किलोच्या पोराला दोन्ही दारं थोडी जास्त उघडी आहेत.

बोलण्यानं काही ठरेना. तेव्हा टेम्पोवाला उठला, शर्ट काढला आणि हौद्यात उतरला. म्हणाला, "या दोघंबी. पाडायचं नाय, नुसती खडाखडी करू."

आधी अक्काचा नातू. टेम्पोवाल्याचं वजन आता शंभराच्या वर आहे. तो नुसता मानेवर हात टाकून, खाली दाबत उभा राहिला. पहिलं मिनिटभर नातवानं जोर केला. चौथ्या मिनिटाला त्याचे हात गुडघ्यावर आले. आपल्यापेक्षा जड गडी त्याला आजवर भेटलाच नव्हता. मी बघत होतो आणि माझ्या पोटात कालवत होतं, कारण हे पोरगं मी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेलं आहे.

मग धाकटा. टेम्पोवाल्यापुढं तो अर्धाच. दोनदा मातीत तोंडघशी गेला. तिसऱ्यांदा त्यानं हात मानेवर येऊच दिला नाही, बगलेखालून मागं गेला. पाडणं शक्यच नव्हतं, पण मागं गेला. नंतर पुन्हा दोनदा आपटला. चौथ्या मिनिटाला त्याचा श्वास ऐकू येत होता, हात मात्र वरच होते.

टेम्पोवाला माती झटकत बाहेर आला आणि पोराच्या आईकडं वळला. ती दाराशी, बायका आत येत नाहीत तिथं, पदर घेऊन उभी होती. त्यानं एकच विचारलं. "वहिनी, पोरगं हरून आलं तर रातीला जेवतंय काय?"

ती म्हणाली, "जेवतंय की. दोन भाकऱ्या जास्त खातंय. रागानं."

वस्ताद हसले. मला वाटलं, ठरलं. पण ती तिथंच उभी राहिली आणि तिनं आम्हालाच विचारलं, "तुमी पैसं देणार, चांगलं हाय. पण ह्याचं काय झालं न्हाई, तर किती दिवसांनी माघारी पाठवणार?"

कट्ट्यावर कुणी बोलेना. माझी बावीस वर्षांची वही आहे, तिच्यात कुठल्याच पोरापुढं ही तारीख लिहिलेली नाही. पाठवायची तारीख आहे, परत आणायची नाही. टेम्पोवाला खाली बघत होता.

तासभर बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: दहावी होईपर्यंत पोरगं इथंच, खुराक तालमीचा. रोज दीड लिटर दूध टेम्पोवाला देणार, त्याचे पैसे फंडातून, पण भाव डेअरीचा. दहावीनंतर कोल्हापूर. उरलेले पैसे संपतील त्या दिवशी पुन्हा याच काट्यावर वजन, याच हौद्यात लढत, आणि मॅटवर काय केलं त्याचा हिशेब. तेव्हा नाही म्हणायची वेळ आली तर ते मी म्हणायचं. माझ्या नावापुढं तसं लिहून सही केली. तिला लिहिता येत नाही, पण तिनं कागद मागून घेतला आणि पिशवीत ठेवला.

अक्काला मी संध्याकाळी जाऊन सांगितलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ती चुलीपाशी बसली होती, ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बापू, घरचं पोरगं सोडून तुला परकं दिसलं होय?" मी दम, खडाखडी, जड गडी, सगळं समजावत बसलो. ती म्हणाली, "मला कुस्ती शिकवू नगंस. आपले आण्णा पैलवान हुते."

आण्णा पैलवान होते, हे खरं. सोळाव्या वर्षापर्यंत. मग त्यांच्या वस्तादांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या अंगात कुस्ती नाही, अक्षर चांगलं आहे, वखारीत कारकून हो. आण्णा दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. मग वखारीत गेले, आणि त्या पगारावर आम्ही तिघं भावंडं शिकलो. अक्काला ही गोष्ट माझ्याइतकीच माहीत आहे. मी ती त्या दिवशी काढली नाही. सतरा वर्षांच्या नातवाच्या आजीला ऐकवायची ती गोष्ट नव्हे.

दिवाळीला तिच्याकडून फराळ आला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बायकोनं आमचा डबा पाठवला, तो रिकामा धुऊन परत आला. रिकामा डबा पाठवायचा नसतो, हे अक्कानंच आम्हाला शिकवलेलं.

नातू मात्र तालमीत येणं थांबला नाही. पहिले आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, मातीत माझ्या बाजूला पाठ करून जोर मारायचा. मग पहाटे पळायला लागला, स्तवनिधीच्या घाटापर्यंत. कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. टेम्पो त्याच वेळेला घाटातून येतो, एवढं मला माहीत आहे.

परवा लढत संपल्यावर कट्ट्यापाशी आला. अंग मातीनं लाल, श्वास चढलेला, पण हात कमरेवर, गुडघ्यावर नाहीत.

"आज्जा, एक्याऐंशी भरलं."

"कुठल्या काट्यावर?"

"वखारीतल्या," तो म्हणाला. मी वही काढली.