विचारायला लाजले, त्याची गोष्ट



जानेवारीत मुंबईला लेकाकडे पंधरा दिवस राहून आले. बार्शीटाकळीला परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय काय खाल्लं वं मुंबईत?" मी "घरचंच" म्हटलं आणि विषय बदलला. ते पूर्ण खरं नव्हतं. दोन दिवस मन खात राहिलं, म्हणून आज सगळं लिहून टाकते.

तुम्हाला माहीतच आहे, बाहेर जेवण्याची आपल्याला सवय नाही. माझ्या सासूबाई शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला निघाल्या तरी दशम्यांचा डबा आणि गाळलेल्या पाण्याची कळशी सोबत घ्यायच्या. अकोल्याला लग्नाची खरेदी असली की दुकानदाराच्या ओट्यावर बसून तो डबा उघडायचा. लोक बघतात याचं त्यांना काहीच वाटत नसे. मी त्यांच्याइतकी कडक नाही. कांदा-लसूण, कंदमूळ नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही, एवढं सांभाळून शुद्ध शाकाहारी ठिकाणी कधीमधी जेवते.

लेकाच्या लग्नाला वर्ष झालं, त्या दिवशी सुनेने बाहेर जेवायचं ठरवलं होतं. सून जैन घरातली नाही. तरी पोरीने माझ्यासाठी किती शोधाशोध केली! संध्याकाळची बरीच हॉटेलं सातला उघडतात, म्हणून तिने दुपारची वेळ घेतली. म्हणाली, "आई, ग्रीक जेवण आहे. शुद्ध शाकाहारी हॉटेल आहे. डाळी, पालेभाज्या, काकडी, टमाटे, दही, सगळं तुम्हाला चालेल असं."

ग्रीक म्हटल्यावर मला शाळेतला सिकंदर आठवला. ह्यांना फोनवर सांगितलं तर हे हसले. "अगं, ग्रीक आपल्या वऱ्हाडात कापूस घ्यायला येऊन गेले!" ते म्हणत होते ते रॅली ब्रदर्सबद्दल. हे घराणं मूळचं ग्रीसच्या कियोस बेटावरचं. एकोणिसाव्या शतकात त्यांनी कलकत्ता आणि मुंबईत पेढ्या उघडल्या. वऱ्हाडच्या कापूस बाजारातल्या जुन्या माणसांना ते नाव ठाऊक होतं. म्हणजे आपला कापूस त्यांनी नेला आणि आता त्यांचं ताट मी बघायला निघाले होते.

हॉटेलच्या दारात लेक हळूच म्हणाला, "आई, इथे फार चौकशी करू नको हं. तिने सगळं बघून ठेवलंय." तो रागाने बोलला नाही. त्या दोघांचा दिवस होता. मी मान हलवली.

पहिल्यांदा आली कोशिंबीर. काकडी, टमाटे, वर ऑलिव्हचं तेल आणि पांढऱ्या चीजचे चौकोनी तुकडे. फेटा म्हणतात त्याला. ग्रीसमध्ये ते मेंढीच्या दुधाचं करतात, थोडं शेळीचंही चालतं. ते बघितलं आणि माझा हात थांबला. दोन चातुर्मासांपूर्वी माताजींनी स्वाध्यायात समजावलं होतं, ते आठवलं. आपण पनीर लिंबाने नासवतो. पण पुष्कळशा चीजला विरजण म्हणून रेनेट घालतात आणि परंपरेने ते वासराच्या, कोकराच्या, करडाच्या पोटातून काढतात. अलीकडे ते सूक्ष्मजीवांपासूनही बनवतात. म्हणजे कोणतं घातलंय हे विचारल्याशिवाय कळायचं नाही.

मैत्रिणींनो, मला हे माहीत होतं. वाढणारा मुलगा दोन हातांवर उभा होता. एक वाक्य विचारायचं होतं. पण सून माझ्या तोंडाकडे आशेने बघत होती आणि लेकाचं दारातलं बोलणं कानात होतं. मी तुकडा उचलला आणि खाल्ला. "छान आहे," असंही म्हटलं.

रात्री झोप नाही. सकाळी मी णमोकार मंत्राची माळ जास्तीची केली आणि आठ दिवस दूध-दह्याचा त्याग घेतला. चहा नको म्हटल्यावर सुनेने विचारलंच. आधी टाळलं, मग सांगून टाकलं. मला वाटलं ती म्हणेल, एवढ्याशा तुकड्याचं काय मोठं. तिचे डोळे भरून आले. "आई, मी इतकं शोधून नेलं आणि तुम्ही मनाविरुद्ध खाल्लं? मला का नाही सांगितलं? तुमचे नियम मला तुमच्याशिवाय कोण शिकवणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं मन राखायला मी गप्प बसले होते आणि त्या गप्प बसण्याने तिला परकं केलं होतं. माझ्या सासूने मला चुलीपाशी बसवून एकेक गोष्ट सांगितली होती. द्विदल म्हणजे काय, लोणच्याची मर्यादा किती, अंजीर का नाही. मी वर्षभरात सुनेला यातलं काय सांगितलं? "असू दे, तुला नाही जमायचं," एवढंच.

तिने लगेच हॉटेलला फोन केला. "बघून सांगतो," म्हणाले आणि सांगितलं नाही. मग पुढच्या रविवारी आम्ही दोघी साडेचारलाच तिथे गेलो. लेक नको नको म्हणत मागून आलाच. गर्दी नव्हती. या वेळी मी स्वतः विचारलं, सावकाश, मराठीत. त्या मुलाने आतून आचाऱ्याला बोलावलं. आचारी हातात चीजचा डबा घेऊनच बाहेर आला. त्यावर हिरवा ठिपका होता आणि रेनेट सूक्ष्मजीवांचं असल्याचं छापलेलं होतं. कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही. लेक चकित होऊन बघत होता.

म्हणजे त्या दिवशी पोटात वाईट काही गेलं नव्हतं. हायसं वाटलं. पण मी घेतलेला त्याग मोडला नाही. मी खाल्लं तेव्हा मला हे कुठे माहीत होतं? मनात शंका असताना खाल्लं, तो भाव तर माझाच होता.

दुधाचा त्याग असल्याने मी काय खावं हे आचाऱ्यानेच सुचवलं. फावा नावाचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा घालतात तो न घालता. तोंडात घातलं आणि घर आठवलं. सुनेने मोबाईलवर शोधून दाखवलं, सँटोरिनी बेटावरची फावा ज्या दाण्याची करतात तो आपल्या लाखोळीच्या भावकीतला. सोबत नुसता उकडलेला पालक, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. खमीर न घालता भाजलेली पातळ पोळी. पोटभर झालं आणि सूर्य अजून वर होता.

तिने आणखी एक वाचून दाखवलं. ग्रीसमधले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ईस्टरच्या आधी चाळीस दिवस आणि वर एक पवित्र आठवडा मांस, अंडी, दूध सोडतात. त्या जेवणाला निस्तीसिमा म्हणतात. त्यांच्याही घरात कोणी सासू सुनेला सांगत असेलच ना, आज हे नाही, ते नाही! फक्त लक्षात ठेवा, त्यांच्या उपवासाला कोळंबी, शिंपले चालतात. म्हणून उपवासाचं म्हटलं तरी विचारायचं.

तुमची मुलंही मोठ्या शहरात आहेत, म्हणून काय विचारायचं ते लिहून ठेवते:

१. "जैन मिळेल का?" एवढ्यावर थांबू नका. कांदा-लसूण-बटाटा काढला की जैन झालं, असं पुष्कळांना वाटतं.
२. चीज असेल तर रेनेट कशाचं? डबा बघायला मागा.
३. गोडात मध आहे का? ग्रीकांचा बकलावा मधाच्या पाकात असू शकतो. अंजीरही विचारा.
४. हमसमध्ये छोले आणि लसूण असतो. त्झात्झिकी ही दह्यातली काकडी, तिच्यातही लसूण असतो. लसूण काढला तरी डाळ-छोल्यांबरोबर कच्चं दही नको, द्विदल होतं.
५. मुसाका नावाच्या पदार्थात वांगं असतं.
६. दुपारी किंवा चार-साडेचारला जा. तेव्हा आचाऱ्यालाही बोलायला वेळ असतो.

ज्यांचा बाहेरचं पाणीही न घेण्याचा नियम आहे त्यांना माझं वंदन. त्यांनी यातलं काही करू नये.

निघायच्या दिवशी सुनेने गाडीत द्यायला दशम्या केल्या. पीठ दुधाऐवजी गुळाच्या पाण्यात भिजवलं होतं, कारण माझे आठ दिवस पुरे व्हायला एक दिवस बाकी होता. मी आठवण करून दिली नव्हती. अकोला येईपर्यंत तो डबा मी मांडीवरच ठेवला. आता काकूंकडे जाते आणि खरं काय खाल्लं ते सांगून येते.

जय जिनेंद्र.